पहिलीचा अभ्यासक्रम घरासाठीही लिहा

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. शिक्षण आयुक्त, पुणे,
मा. संचालक, महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे,
मा. संचालक, बालभारती, पुणे
यांस,



मी नाशिकला राहते. आमची मुलगी सहा वर्षांची आहे. वयाच्या नियमाने ती पहिलीत बसायला हवी, आणि ती पहिलीचाच अभ्यास करते. फक्त घरी करते. हा निर्णय आम्ही नवरा-बायकोने विचार करून घेतला. त्याची कारणे सांगून तुमचा वेळ घेत नाही, कारण शाळा चांगल्या की वाईट, हा या पत्राचा विषयच नाही. आमच्या गल्लीतली बहुतेक मुले महापालिकेच्या किंवा खासगी शाळेत जातात, तिथे त्यांना शिकवणाऱ्या बाईंबद्दल मला आदर आहे. माझे म्हणणे एवढेच आहे : लहान मुलांसाठी राज्याने अतिशय चांगला विचार कागदावर मांडला आहे, पण तो शाळेच्या फाटकाबाहेर पडत नाही. तो घरी वापरता येईल असा, मराठीत, लिहून द्या. आणि जी मुले घरी शिकतात त्यांना सरकारी यादीत काहीतरी रास्त नाव द्या.

होमस्कूलिंगचा विचार सुरू केला की मराठी पालकापुढे पहिली अडचण येते ती अभ्यासक्रमाची. इंटरनेटवर हवे तेवढे तयार संच मिळतात आणि त्यातले बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे हा मोठा व्यवसाय आहे, कारण तिथल्या सर्व राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर आहे. आठवड्यांची आखणी, गोष्टींच्या पुस्तकांची यादी, गणिताचे ठोकळे, आईने काय विचारायचे त्याचे तयार प्रश्न, सगळे त्यात असते. आम्हीही असा एक संच आणला. त्यात बरेच चांगले निघाले. शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाई १९२३ साली गेल्या, पण होमस्कूल करणारी कुटुंबे आजही त्यांच्या पद्धती वापरतात : पाठ अगदी छोटे ठेवायचे, चांगले पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचे, मग मुलाला ते त्याच्या शब्दांत सांगू द्यायचे, आणि रोज घराबाहेर पडून जे दिसेल ते वहीत काढायचे. हे सगळे आमच्याकडे छान रुजले. ऐकलेली गोष्ट परत सांगताना आमची मुलगी त्यात स्वतःच्या दोन गोष्टी घालते, आणि मूळ गोष्टीपेक्षा त्या दोन बऱ्या असतात.

पण संचाचे पान उलटत गेलो तसा तो आमच्या घरात बसेना. त्यातल्या निसर्गाच्या वहीत चार ऋतू आहेत आणि पावसाळा नाही. पाने लाल होतात, बर्फ पडतो, बर्फाचा माणूस होतो. आमच्याकडे जूनमध्ये मृगाचे लाल मखमली किडे मातीवर दिसतात, मग टाकळा उगवतो, भिंतींना शेवाळ धरते, पायरीवर गोगलगायी येतात, श्रावणात तेरडा फुलतो. यातल्या एकालाही त्या वहीत जागा नाही. गणितात नाणी आहेत ती डाइम आणि निकेल, मापे इंचांत. हे बदलता येते, आम्ही बदललेही. खरी अडचण वाचनात आली.

इंग्रजी वाचायला शिकवणारे संच अक्षराचे नाव आणि अक्षराचा उच्चार वेगळे असतात, या अडचणीभोवती रचलेले आहेत. देवनागरीत ती अडचण जवळजवळ नाही. 'म' चे नावही म आणि उच्चारही म. आपल्या अडचणी निराळ्या आहेत. मात्रा-वेलांट्या अक्षराच्या पुढे, मागे, वर, खाली लागतात. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढायची, पण उच्चारायची नंतर. 'कमळ' वाचताना शेवटचा 'ळ' पूर्ण म्हणायचा नाही, हे कुठे लिहिलेले नसते, कानाने उचलावे लागते. जोडाक्षरांत अर्धे अक्षर कधी आडवे चिकटते, कधी खाली जाते, आणि 'र' तर चार रूपे घेतो. आपल्याकडच्या शिक्षकांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या उपाय शोधले आहेत. वर्णमालेच्या क्रमाने न जाता ग, म, भ, न अशी आकाराने सारखी अक्षरे एकत्र घ्यायची, हा जुना उपाय. थोडी अक्षरे आणि त्यांच्याबरोबर लगेच काना घेतला की मामा, काका, लाल असे ओळखीचे शब्द पहिल्या काही दिवसांतच वाचता येतात, हा दुसरा. हे ज्ञान परदेशी संचात असण्याचे कारण नाही. ते महाराष्ट्रात आहे, तुमच्या शिक्षकांकडे आहे, तुमच्या परिषदेत आहे. घरी शिकवणाऱ्या आईपर्यंत मात्र ते ऐकीव गोष्टीसारखे तुकड्यातुकड्याने पोचते.

संख्यांचेही तसेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' असेही वाचन दिले, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, विधिमंडळातही थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या : मराठीत आपण आधी एकक म्हणतो आणि मग दशक, लिहितो मात्र उलटे, त्यात जोडाक्षरे, म्हणून लहान मुले अडखळतात, जुनी पद्धत काढलेली नाही, नवीन जोड दिली आहे. त्या वादाचे मोल मला घरी कळले. सत्तावीस सांगितले की आमची मुलगी ७२ लिहायची. दोन दशकांचे दांडे आणि सात सुटे मणी समोर ठेवून 'वीस सात म्हणजे सत्तावीस' असे म्हणू लागल्यावर गाडी रुळावर आली. उलट अपूर्णांकांत मराठी मूल पुढे असते. पाव किलो भेंडी, सव्वा वाजला, दीड वाटी रवा, अडीच मीटर कापड हे ते रोज ऐकते. परदेशी संचाने अपूर्णांक पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवलेत. मराठी घरासाठी लिहिलेल्या अभ्यासक्रमात ते पहिल्याच वर्षी ओट्यावर आणि भाजीबाजारात सुरू करता येतील.

म्हणून आम्ही परदेशी संच बाजूला ठेवला आणि राज्याचा अभ्यासक्रम घरी चालवून पाहायचे ठरवले. आता त्याविषयी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला. त्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' हा खेळ-साहित्याचा संच आला. महाराष्ट्राने पायाभूत स्तराचा स्वतःचा राज्य आराखडा केला आणि २०२५-२६ पासून पहिलीला नवी पुस्तके आली. या सगळ्याचा गाभा वाचताना मला आनंद झाला. खेळातून शिकवा, मातृभाषेतून शिकवा, सहा वर्षांच्या आत पाठ्यपुस्तक नको, परीक्षेऐवजी निरीक्षण करा, शरीर, मन, भाषा, कला सगळ्यांकडे पाहा. होमस्कूल करणारी कुटुंबे ज्यासाठी डॉलर मोजतात, तेच हे आहे. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात, ही तर मोठीच सोय.

पण वापरायला घेतले की कळते, हे साहित्य तीस मुलांच्या वर्गासमोर उभ्या असलेल्या शिक्षकासाठी लिहिले आहे. 'मुलांचे चार गट करा', 'गोलात बसवून चेंडू फिरवा', 'गटप्रमुखाकडून सादरीकरण घ्या'. घरी मूल एक, शिकवणारी एक, आणि मागे कुकरची शिट्टी. भाषाही प्रशिक्षण वर्गातली. 'अध्ययन निष्पत्ती', 'क्षमता', 'अभ्यासक्रमीय ध्येये' हे शब्द शिक्षकांना रोजचे असतील. बारावी झालेल्या आईला त्यातून उद्या सकाळी मुलीला नेमके काय करायला द्यायचे हे कळत नाही. पुस्तक एका ठिकाणी, शिक्षकांसाठीची मार्गदर्शिका दुसरीकडे, वाचन-गणिताच्या पायासाठीच्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टे तिसऱ्या कागदावर. मी हे एकत्र जमवून महिन्यांच्या वह्या केल्या. मला वेळ होता, घरी नेट होते, वाचायची सवय होती. प्रत्येकीला हे जमेल असे धरून चालता येणार नाही.

हे काम राज्याला नवे आहे असेही नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत घरपोच अभ्यासमाला चालवली. त्याच वर्षी जुलैत एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आली. पहिली ते आठवीच्या मुलांनी बालभारतीच्या पुस्तकांतले पाठ घरातल्या माणसांबरोबर, घरातल्या वस्तूंनी कसे करायचे, ते त्यात दाखवले. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी मातांचे गट झाले, पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांना घरी करून घ्यायच्या कृतींची कार्डे मिळाली. म्हणजे आई हीसुद्धा शिक्षक असते, हे खात्याला मान्य आहे. फक्त ते मान्य होते साथीच्या काळापुरते, नाहीतर शाळा सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यापुरते.

त्याही मागे जायचे तर हा विचार याच मातीतला आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्या बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या. महागडी माँटेसरी साधने नाहीत म्हणून अडल्या नाहीत. बिया, शंख, काटक्या, खडे यांची साधने केली. देशभर १९७५ पासून ज्या अंगणवाड्या उभ्या राहिल्या, त्यांच्या नावातच ही कल्पना आहे. मूल जिथे आहे तिथे शिक्षणाने जायचे, हे महाराष्ट्राने देशाला दाखवले. आज आमच्यासारख्यांनी घरात तीच वाट धरली, तर खाते आम्हाला ओळखत नाही.

ओळखत नाही, हे शब्दशः खरे आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचे कलम १० सांगते की सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. ते पाळले नाही तर पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवण्याबद्दल कायदा एक शब्द बोलत नाही. या मौनात आम्ही राहतो. शाळाबाह्य मुलांचा शोध घेतला जातो, ४ जुलै २०१५ ला तर राज्यभर एका दिवसात घरोघरी पाहणी झाली, २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' झाले. अशा पाहणीत दारात आलेल्या शिक्षकापुढे रकाने दोनच असतात : शाळेत जाते, किंवा शाळाबाह्य. वीटभट्टीवर आईबरोबर विटा उलटणारे मूल आणि घरी रोज वाचन-गणित करणारे मूल एकाच रकान्यात जातात. त्याने दोघांचेही नुकसान होते. पहिल्याला मदतीची घाई आहे, ती आकड्यांच्या गर्दीत मागे पडते. दुसऱ्यावर चुकीचा शिक्का बसतो.

परतीची वाटही अशीच धूसर. कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश मिळायला हवा, वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा वर्ष सुरू झाले म्हणून तो नाकारता येत नाही, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेता येत नाही. मी चौकशीला गेले त्या एका शाळेत मात्र पहिला प्रश्न होता, 'आधीच्या शाळेचा दाखला कुठे आहे?' शाळा झालीच नाही, तर सोडल्याचा दाखला कुठून आणायचा? राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळामुळे पाचवी, आठवी, दहावी, बारावी बाहेरून देता येते, सतरा नंबरचा फॉर्म तर कित्येक वर्षे आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मुक्त मूलभूत शिक्षणाची सोय आहे. वर चढत गेल्यावर दारे आहेत. सुरुवातीच्या वर्षांत, सहा ते दहा या वयात, राज्याकडे काहीच नाही.

तुमच्या बाजूची भीती मला समजते, आणि ती रास्त आहे. 'घरी शिकते' या दोन शब्दांआड मुलीला धाकट्या भावंडाला सांभाळायला बसवले जाईल. मजुरीला पाठवले जाईल. बालविवाह झाकला जाईल. ज्या राज्यात सावित्रीबाईंनी मुलींना घराबाहेर काढण्यासाठी शेणगोळे झेलले, तिथे मुलीला घरी ठेवण्याची सवलत मागताना मला स्वतःलाच दोनदा विचार करावा लागतो. म्हणून मी बिनशर्त सूट मागत नाही. जे पालक घरी शिकवतात त्यांनी तसे लिहून द्यावे, आणि मूल शिकते आहे हे दाखवावे.

आणखी एक गोष्ट बाई म्हणून सांगते. घरशिक्षणाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत 'पालक' शिकवतात. प्रत्यक्षात बहुतेक घरांत आई शिकवते, आणि तिची नोकरी सुटते किंवा अर्धी होते. तेव्हा घरशिक्षण सर्वांनी करावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. बहुसंख्य मुलांसाठी शेजारची चांगली सरकारी शाळाच हवी, आणि तिथली रिकामी पदे भरणे हे तुमचे पहिले काम. पण घरासाठी लिहिलेला अभ्यासक्रम आमच्यासारख्या मूठभर कुटुंबांपुरता राहणार नाही. ऊसतोडीला बीड-नगरहून निघणाऱ्या बैलगाडीत तो जाऊ शकेल. अशा मुलांसाठी राज्याने शिक्षण हमी पत्रक काढले आहे; त्या पत्रकाबरोबर एक वही दिली तर ऊसतोडीच्या जागी, कोपीच्या झोपडीतही शिकणे चालू राहील. आजारपणाने अंथरुणाला खिळलेल्या मुलाला तो उपयोगी पडेल. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आज्यांनाही संध्याकाळी काय घ्यावे ते कळेल. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना तर मुलाला मराठी शिकवायला हाताशी काही हवेच असते. तिथे जवळ मराठी शाळा असतेच असे नाही. घर हीच शाळा.

म्हणून चार मागण्या.

पहिली : पायाभूत स्तराची 'घरासाठी आवृत्ती' मराठीत काढा. जूनपासून महिन्यांत मांडलेली, पावसाळा-सणवार-पिके धरून चालणारी. रोज तासाभराच्या कामाची, साध्या बोलीतल्या सूचनांची, घरातल्या वस्तूंनी होणारी. अक्षरगटांचा क्रम, मात्रांचा क्रम, दशक-एककाचे खेळ, गोष्टींची यादी, निसर्गाची वही, हे सगळे एका जागी असू द्या. संकेतस्थळावर फुकट ठेवा आणि बालभारतीच्या भांडारांत छापील प्रत विका. ती लिहिताना पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या अनुभवी शिक्षकांबरोबर घरी शिकवणाऱ्या पालकांनाही टेबलावर बसवा.

दुसरी : शाळाबाह्य मुलांच्या पाहणीत 'घरी शिकते' असा तिसरा रकाना करा, आणि अशा मुलांची नोंद जवळच्या केंद्रशाळेत ठेवायला शासन निर्णयाने सांगा. यासाठी कायदा बदलावा लागेल की नियमांत तरतूद पुरेल, ते विधी विभागाला विचारा, पण विचारा.

तिसरी : वर्षातून दोनदा केंद्रप्रमुखांनी किंवा पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी मुलाला भेटावे. परीक्षा नको, वाचून घ्यावे, दोन गणिते खेळावीत, वह्या पाहाव्यात. निपुण भारतची उद्दिष्टे त्यासाठी पुरेशी आहेत. सलग दोन भेटींत मूल शिकत नाही असे दिसले, तर त्याला शाळेत घाला. आम्ही हरकत घेणार नाही.

चौथी : अशा मुलाला हवे तेव्हा, दाखल्याविना, वयाच्या वर्गात प्रवेश मिळेल असे सर्व शाळांना स्पष्ट कळवा. आणि प्रवेश नसला तरी शेजारच्या सरकारी शाळेचे वाचनालय, मैदान, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन त्याला खुले असू द्या. 'घरी शिकणाऱ्या मुलाला मित्र कुठून मिळणार?' असे सगळे विचारतात. शाळेचे मैदान उघडले की त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळेल.

यात फार पैसा लागत नाही. विचार तयार आहे, पुस्तके तयार आहेत, २०२० चा अनुभव गाठीशी आहे, शिकवायला तयार असलेली आई घरात आहे. पुढच्या जूनच्या आत निदान पहिलीची घरासाठीची वही तरी काढा, आणि ती पाहायला द्या. आम्ही ती वापरू, जिथे अडेल तिथे लिहून कळवू, आणि ती सुधारायला जे हात लागतील त्यांत आमचेही असतील. या पत्राला उत्तर द्यावे, ही नम्र विनंती.

आपली,
सहा वर्षांच्या मुलीची आई,
नाशिक